बेचाळीस पात्रं, एक्केचाळीस कारणं

सावळाराम खलाटे, म्हणजे आमचे तात्या, यांच्या कादंबरीत बेचाळीस पात्रं आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचा रजेचा अर्ज माझ्या दुकानातल्या कपाटात आहे. खलनायकाचासुद्धा आहे. शंभूराज नावाच्या या इसमानं शेजाऱ्याचा ऊस पेटवण्यासाठी एक दिवसाची किरकोळ रजा मागितली आहे, कारणाच्या रकान्यात 'बांधावरून जुने वैर' असं लिहिलं आहे आणि पुरावा म्हणून सातबाऱ्याचा उतारा जोडला आहे. उतारा खरा आहे. तात्यांनी स्वतःच्याच शेताचा लावला.

कादंबरी लिहिण्याची ही रीत कुठं शिकवत नाहीत आणि शिकवूही नये. पण तात्यांना दुसरी येत नव्हती.

बारामतीत तहसील कचेरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आधी अब्बांचं होतं. पाटीवर अजून 'इस्माईल टायपिंग' असंच आहे, त्यामुळं नवी माणसं मला कधी कधी इस्माईलताई म्हणतात. माझं नाव समिना. मी करारनामे, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, प्रबंध आणि कवितासंग्रह टाइप करते. कवींना मी खुर्ची देत नाही, कारण कवी बसला की उठत नाही. कादंबरी मात्र आयुष्यात एकच टाइप केली आणि तिच्यापायी माझं डोकं दोन वर्षं ठिकाणावर नव्हतं.

तात्या पिंपळीचे. आमच्याच भागातल्या एका एसटी डेपोत त्यांनी एकतीस वर्षं रजेच्या टेबलावर काढली. कुठल्या डेपोत ते लिहायचं नाही असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे. रजा मंजूर करणारे साहेब वेगळे होते, पण साहेब अर्ज वाचत नसत, अर्जावरचा तात्यांचा शेरा वाचत. त्यामुळं ड्रायव्हर-कंडक्टरांच्या दृष्टीनं साहेब म्हणजे तात्याच. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खिशाला दोन पेनं असतात, एक निळं आणि एक लाल. लाल पेन ते उगाच काढत नाहीत. ते निघालं की कुणाचं तरी लग्न, बारसं किंवा जत्रा हुकली असं त्या काळी समजलं जायचं.

तात्यांचा नियम सोपा होता. कारण स्वच्छ पाहिजे आणि त्याला पुरावा पाहिजे. लग्न असेल तर पत्रिका, दहावा असेल तर कार्ड, आजार असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. एकानं 'डोळे आले आहेत' असं लिहिलं तर तात्या म्हणाले, पुरावा दाखवा, आणि त्या माणसानं चष्मा काढून दाखवला. त्याची रजा जागच्या जागी मंजूर झाली. एका कंडक्टरची आजी वारली तेव्हा त्यांनी सहानुभूतीनं रजा दिली. दुसरी वारली तेव्हाही दिली. तिसरी वारली तेव्हा वंशावळ मागितली.

साडेअकराला चहा यायचा. चहाबरोबर तात्या त्या दिवसाचे अर्ज काढायचे आणि त्यांतले निवडक मोठ्यानं वाचून दाखवायचे. अकौंटची माणसं, स्टोअरची माणसं, वर्कशॉपमधले दोघंतिघं मुद्दाम त्या वेळेला यायचे. 'म्हैस व्याली असून ती फक्त मलाच जवळ येऊ देते.' 'सासरे गच्चीवर गेले आहेत व खाली येत नाहीत.' तात्या अजिबात न हसता वाचत आणि बाकीचे हसून लोळत. ते वाचन डेपोत इतकं प्रसिद्ध होतं की बदलून दुसरीकडं गेलेली माणसंसुद्धा कामाच्या निमित्तानं आली तर साडेअकराला येत. माझ्या दुकानात त्यांनी मला पन्नासेक अर्ज वाचून दाखवले असतील. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

निवडक अर्ज ते वहीत उतरून ठेवायचे. अशा सात वह्या झाल्या. निवृत्त झाल्यावर वह्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, एक उत्तर सुचवलं होतं, त्यात पाणी तापवायचा बंब होता. त्याच सुमारास बारामतीतल्या एका कॉलेजात कादंबरीलेखनाची एक दिवसाची कार्यशाळा झाली. जेवण होतं म्हणून तात्या गेले. तिथं पुण्याहून आलेल्या बाईंनी सांगितलं की पात्राला काहीही करू दे, चोरी करू दे, लग्न करू दे, घर सोडून जाऊ दे, पण ते का करतंय हे वाचणाऱ्याला स्वच्छ कळलं पाहिजे. कारण नसलेलं पात्र म्हणजे नुसतं नाव. तात्यांनी हात वर करून विचारलं, कारणाला पुरावा लागतो का. बाई म्हणाल्या, लागतोच, आणि तो गोष्टीतच सापडला पाहिजे. झालं. तात्यांना वाटलं, हे तर आपलंच खातं.

मग त्यांनी डेपोच्या छापील अर्जासारखा अर्ज वहीच्या पानावर आखला आणि माझ्याकडून त्याच्या शंभर झेरॉक्स काढून घेतल्या. नाव, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, कारण, पुरावा, शेरा. आधी पात्राचा अर्ज भरायचा, मग त्यावर विचार करायचा, अर्ज मंजूर झाला तरच पात्राला कादंबरीत ते काम करू द्यायचं. नायिका स्वरूपा माळेगावच्या बागायतदाराला नकार देते. तिचा अर्ज: 'कारण: मुलगा पसंत नाही. पुरावा: फोटो जोडला आहे.' फोटो तात्यांच्या भाच्याचा होता. भाच्याला अजून माहीत नाही.

पहिली आठ प्रकरणं टाइप केल्यावर मी तात्यांना सांगितलं की यातली सगळी माणसं मला खोटी वाटतात. तात्यांना ते लागलं. ते म्हणाले, प्रत्येकाचं कारण हाय, वर पुरावा हाय, आनखी काय पायजे. मी म्हणाले, कारणं आहेत पण कुणाला काही हवंच नाही. कंडक्टरची आजी वारली हे त्यानं लिहिलेलं कारण. सासुरवाडीच्या जत्रेला जायचंय आणि मेव्हण्याला नवी मोटरसायकल दाखवायचीय, हे त्याला हवं असलेलं. तुमच्या कादंबरीत सगळ्यांच्या आज्याच मरतात, मोटरसायकल कुणाकडंच नाही. एवढं बोलल्यावर मला वाटलं आता हे काही परत येत नाहीत, आणि माझी सुटका झाली.

दुसऱ्या दिवशी ते नव्या अर्जाचा नमुना घेऊन आले. कारणाच्या रकान्याचे दोन भाग केले होते: 'दाखवलेले कारण' आणि 'खरे कारण'. सगळे अर्ज नव्यानं भरायला घेतले. शंभूराजच्या अर्जात दाखवलेलं कारण बांधाचं वैर तेच राहिलं. खरं कारण असं निघालं की शेजाऱ्याच्या पोराला कारखान्यात चिकटवलं आणि शंभूराजच्या पोराला नाही, आणि शेजारी रोज सकाळी साडेसातला, पोरगा डबा घेऊन निघताना, मुद्दाम अंगणात येऊन मोठ्यानं त्याला 'सावकाश जा' म्हणतो. त्या 'सावकाश जा'साठी मीसुद्धा ऊस पेटवला असता. नकार देणारी स्वरूपाही एकदम जिवंत झाली. बागायतदारात काही खोट नव्हती, तिला फक्त एकदा तरी कुणाला तरी नाही म्हणायचं होतं. मला टायपिंगला मजा यायला लागली. पुढचं प्रकरण कधी आणताय असं मी विचारू लागले, हे माझ्या धंद्यात चांगलं लक्षण नाही.

असं करत आम्ही सतराव्या प्रकरणाला आलो आणि गाडी थांबली.

खरोखरच थांबली. मे महिन्याची दुपार. भिगवणहून इंदापूरला निघालेली एसटी एका फाट्यावर थांबते. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कंडक्टरला 'आलो' एवढंच म्हणतो, तिथं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाचा हात धरतो आणि त्याला घेऊन उजनीच्या पाण्याकडं चालू लागतो. दीड तासानं परत येतो. तोवर निम्मी माणसं मागच्या गाडीनं गेलेली, निम्मी बाभळीखाली बसून त्याला शिव्या देतायत. तो गाडी सुरू करतो आणि इंदापूरला नेतो. पुढं चौकशी लागते, तो निलंबित होतो, तरी कुणाला काही सांगत नाही. प्रकरण संपलं.

मी विचारलं, का? तात्या म्हणाले, काय का? मी म्हणाले, तो गेला कशासाठी? त्याचा अर्ज दाखवा. तात्यांनी अर्ज दाखवला. नाव, हुद्दा, तारीख सगळं होतं. कारणाचे दोन्ही रकाने कोरे. एक्केचाळीस जणांचे अर्ज ओसंडून वाहत होते, कुणाकुणाला तर पुरवण्या जोडल्या होत्या, आणि या एकाच माणसाला काही कारण नव्हतं.

मी सांगितलं की हे चालणार नाही. मग तात्या दर आठवड्याला एक कारण आणायला लागले. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्याला लघवीला लागली होती. मी म्हणाले, दीड तास? दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरचं पाण्याकाठच्या वस्तीवर जुनं प्रेम होतं. मी म्हणाले, मग म्हातारा कशाला बरोबर? तिसऱ्या आठवड्यात पाण्याकाठी पुरलेलं धन होतं आणि जागा म्हाताऱ्याला माहीत होती. चौथ्या आठवड्यात गाडीला नाग आडवा गेला होता. तेव्हा माझा संयम संपला. मी पेन्सिल घेऊन त्या पानावर, शेऱ्याच्या जागी, 'कारण सबळ नाही' असं लिहिलं. त्यांचा स्वतःचाच नेहमीचा शेरा होता. मला वाटलं हसतील. तात्यांनी पान घडी करून खिशात ठेवलं, चहा न घेता उठले आणि बारा दिवस आले नाहीत.

तेराव्या दिवशी आले ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सांगितलं की ड्रायव्हर खरा आहे.

गोकुळ त्याचं नाव, इंदापूर तालुक्यातला, उजनीच्या काठचा. साल दोन हजार तेरा, दुष्काळाचं. लग्नसराई आणि सुट्ट्या म्हणून रजा जवळजवळ बंद होत्या, पण दोनतीन माणसं जादा होती आणि दिवसाला एखादी रजा देता येत होती. गोकुळनं एका दिवसाची रजा मागितली. कारण: घरगुती. तात्यांनी विचारलं, घरगुती म्हंजी काय? गोकुळ म्हणाला, घरचंच हाय. तात्यांनी तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी गोकुळ नुसता उभा राहिला. तात्यांनी लाल पेन काढलं. दुसऱ्या दिवशी गोकुळनं ड्युटीची गाडी घेतली आणि फाट्यावर उभी केली. चौकशीत तो म्हणाला, चूक झाली, शिक्षा मान्य आहे. का केलं ते सांगितलं नाही. चौकशीचे कागद तात्यांच्याच टेबलावरून वर गेले. शिक्षा भोगून गोकुळ दुसऱ्या डेपोत गेला आणि तिथूनच निवृत्त झाला.

"बारा वर्सं मी त्या दीड तासाचा इचार करतोय," तात्या म्हणाले. "कारण फालतू आसंल तर मी बरुबर हाय. आन खरं आसंल तर मी त्या मानसावर अन्याव केलाय. दोन्हीतलं कुठलं, एवढंच मला कळाया पायजे."

मी विचारलं, मग ही सगळी कादंबरी त्याच्यासाठी लिहिलीत का? ते जरा विचार करून म्हणाले, बाकीचे एक्केचाळीस त्याच्या सोबतीला घातलेत.

मला खरं तर दया यायला हवी होती. मला राग आला. माणूस जिवंत आहे, इथून दोन-अडीच तासांवर राहतो, आणि हे गृहस्थ बारा वर्षं नाग आणि धन शोधत बसलेत. मी तसं तोंडावर सांगितलं. जा आणि विचारा. तात्या म्हणाले, जाऊन काय सांगू, कशापायी आलो? आयुष्यभर लोकांना कारण विचारणाऱ्या माणसाला स्वतः जायला कारण सापडत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, मी येते बरोबर, माझं टायपिंग अडलंय असं सांगू. त्यांना ते पटलं. पुरावा म्हणून सतरावं प्रकरण बरोबर घेतलं.

दिवाळी होऊन गेली होती. बारामतीहून इंदापूरला एसटीनं गेलो. तात्या ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले आणि वाटेत त्यांनी त्याला शेवटची रजा कधी घेतली होती ते विचारलं. तो म्हणाला, आठवत नाही. तात्या खूश झाल्यासारखे दिसले, मग एकदम सतरावं प्रकरण माझ्याकडं दिलं आणि उतरेपर्यंत डोळे मिटून बसले. इंदापुरात माणसं भरून नेणारी वडापची जीप मिळाली. फाट्यावर उतरून आम्ही चालत गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस संपला की एकदम पाणी. उजनी काठोकाठ भरली होती.

गोकुळभाऊ अंगणात खाटेवर जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांनी तात्यांना लगेच ओळखलं. उठले, पाया पडले, खुर्च्या आणायला लावल्या. मी कोण ते तात्यांनी सांगितलं. वहिनींनी आतूनच विचारलं की जेवूनच जाणार ना, आणि उत्तराची वाट न बघता चूल पेटवली. पाऊसपाणी झालं, दोघांची गुडघेदुखी झाली, डेपोतलं कोण कोण गेलं ते झालं. तात्या मूळ मुद्द्याला येईनात. शेवटी मीच सतरावं प्रकरण गोकुळभाऊंच्या हातात दिलं. चष्मा लावून त्यांनी ते पूर्ण वाचलं. बराच वेळ लागला. मग म्हणाले, सगळं बरोबर लिहिलंय, फक्त बाभळ नव्हती, कडुलिंब होता.

तात्या म्हणाले, "गोकुळ, तू कशापायी गेलातास?"

गोकुळभाऊंनी पाण्याकडं बोट केलं. तिकडं बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं पाणी आणि लांबवर दोन होड्या. त्यांचं जुनं गाव तिथं खाली आहे. धरण झालं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. गाव उठून इकडं वर आलं. त्याच्या आधी चार वर्षं त्यांची आई त्या जुन्या घरात वारली होती. दोन हजार तेराला पाणी इतकं खाली गेलं की देवळाचं शिखर दिसलं, मग देऊळ दिसलं, मग घरांची जोती उघडी पडली. गोकुळभाऊंच्या वडिलांना, म्हस्कूआबांना, तेव्हा ऐंशी उलटलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमचं जोतं वर आलंय. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं एकच धोशा लावला, मला घेऊन चल. आठ दिवसांत पावसाळा लागणार होता.

रजा नामंजूर झाली तेव्हा त्यांनी आबांना निरोप दिला की उद्या दुपारी फाट्यावर उभे राहा, माझीच गाडी येणार आहे. चौकशीच्या कागदात लिहिलेला म्हातारा प्रवासी तो हाच. तात्यांनी तो कागद स्वतःच्या हातानं वर पाठवला होता आणि म्हातारा कोण हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

भेगाळलेल्या गाळातून चालायला अर्धा तास गेला. आबांना जोतं बरोबर सापडलं. एका कोपऱ्यात जाऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, तुझी आई हितं चूल घालायची. थोडं बसले. मग तेच म्हणाले, चल, लोकं खोळंबल्यात.

तात्यांनी विचारलं की मग हे अर्जात का नाही लिहिलं. हे कारण होतं. हे कुठल्याही साहेबानं मंजूर केलं असतं.

"तुमी च्याच्या टायमाला अर्ज वाचून दावायचा," गोकुळभाऊ म्हणाले. "बुडालेलं गाव बघाया म्हाताऱ्याला घिऊन जायाचंय, आसं लिवलं आस्तं तर साडेअकराला समदं हाफिस हासलं आस्तं. मी बी हासायचो की दुसऱ्यांच्या अर्जाला. मला आबाचं हासू करायचं न्हवतं."

आणि चौकशीत? चौकशीत सांगितलं असतं तर आबांना जबाबाला बोलावलं असतं. शेवटच्या दिवसांत त्यांना कचेरीच्या बाकावर बसवायचं नव्हतं. गोकुळभाऊ हे सगळं तक्रार न करता सांगत होते, मध्येच जाळ्याची गाठ मारत होते. तीन महिने निलंबित होते, त्याच तीन महिन्यांत आबा गेले. ते म्हणाले, ते बरं झालं, शेवटपर्यंत त्यांच्यापाशी राहता आलं, त्या तीन महिन्यांसाठी काही अर्ज करावा लागला नाही.

मी तात्यांकडं बघितलं नाही. मला तात्यांच्या वह्यांतले ते पन्नास अर्ज आठवत होते, ज्यांना मी हसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

मग गोकुळभाऊंनी जाळं बाजूला ठेवलं. "माझं सांगितलं, तात्या. आता तुमचं सांगा. त्या दिशी मानसं जादा व्हती, आमाला ठावं व्हतं. तुमी रजा कशापायी न्हाय दिली?"

मला वाटलं तात्या नियम सांगतील. नियम त्यांना पाठ होता. त्यांनी खिशातली पेनं चाचपली. मग खाली बघत म्हणाले, "समदी मला सांगायची, गोकुळ. कुनाचं काय, कुनाचं काय. तू एकट्यानंच सांगितलं न्हाईस. त्येचा राग आला."

हे उत्तर पुढं कादंबरीत जसंच्या तसं गेलं. आधीच्या मसुद्यात 'रजा नामंजूर झाली' एवढंच होतं, कुणी केली ते नव्हतंच. आता तिथं एक लिपिक आहे, त्याला स्वतःचं नाव आहे, आणि त्याला रजेचा नियम सांभाळायचा नसतो, त्याला ऐकायचं असतं. टाइप करताना मी त्यात एक मात्राही बदलली नाही. वाचणारे सांगतात की अर्ज असलेल्या बेचाळीस जणांपेक्षा हा बिनअर्जाचा माणूसच जास्त खरा वाटतो. यानंतरचं मात्र कादंबरीत नाही. ते मी गोकुळभाऊंना विचारून इथं लिहिते आहे.

तात्यांचं उत्तर ऐकून गोकुळभाऊ नुसते "आस्संच कायतरी आसंल वाटलं व्हतं," म्हणाले. रागावले नाहीत. मला वाटतं ते रागावले असते तर तात्यांना सोपं गेलं असतं. वहिनींनी ताटं आणली, पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. हात धुऊन आम्ही बसलो. तात्या जरा सैल झाले होते, म्हणाले, एका अर्थी काम झालंच की, आबानं घर बघितलं, दीड तासात भागलं. आणि मग त्यांना शंका आली. अर्ज पूर्ण दिवसाचा होता. त्यांनी विचारलं, आख्खा दिवस कशाला मागितला व्हतास?

गोकुळभाऊ पाणी वाढत होते. "आबाला तितं एक येळ सैपाक करायचा व्हता," ते म्हणाले. "आईची चूल व्हती त्या जाग्याव. तीन दगडं मांडायची, भाकरी थापायची, दोघांनी खायची आन यायचं. पीठ, डाळ, काड्याची पेटी समदं पिशवीत घिऊन उबा व्हता फाट्याव. दगडं बी मांडली त्येनं. म्या म्हनलं, आबा, गाडी उबी हाय. मग पिशवी तशीच परत आनली."

वहिनी आत भाकरी थापत होत्या, त्याचा आवाज येत होता. तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला. मला त्यांचा अतोनात राग आला होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं. ताटातल्या भाकरीकडं बघत तो म्हातारा माणूस रडायला लागला, आवाज न करता, आणि ताट बाजूला सारायचंही त्याला सुचेना.

गोकुळभाऊंनी त्यांच्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

"जेवा, तात्या," ते म्हणाले. "गार हुतीया."